‘म्हणे’ कुठे लावायचं? शहरातल्या भूतकथा शोधून फेरी काढणाऱ्या नवख्यांसाठी

पहिल्याच फेरीत एका आजोबांनी माझी विकेट काढली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभा राहून मी रंगात आलो होतो. ‘ती काळरात्र होती, वाड्यातले दिवे विझत आले होते...’ एवढं म्हणतोय तोच मागून आवाज आला, ‘अहो, दुपार होती. जेवून आडवे झाले होते ते.’ पंधरा माणसं एकदम हसली.

आजोबांचं बरोबर होतं. नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सोमवारी, भर दुपारी. वाड्यात गणपती बसलेले होते. पेशवे पर्वतीवर जाऊन आले होते आणि विश्रांती घेत होते. थकलेल्या पगाराची ओरड करत सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं आत घुसली. मी ती ‘काळरात्र’ कुठून आणली? कुठूनच नाही. भूत म्हटलं की रात्र हवी, म्हणून मीच घातली होती.

त्यानंतर बरीच वर्षं पेठांमधून अशा फेऱ्या काढतो आहे. ‘आम्हालाही हे करायचंय’ म्हणणारी मुलंमुली अधूनमधून भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं पुण्याची आहेत कारण मला तेच शहर येतं. तुमचं गाव वाई असो, मिरज असो की पणजी, पद्धत तीच चालेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. भूत आहे की नाही, हे ठरवणं आपलं काम नाही. ते ज्यांना ठरवायचंय ते ठरवोत. आपण शोधायचं ते गोष्टीचं वय: अमुक जागी भूत आहे असं लोक कधीपासून म्हणतात, कोण म्हणतं आणि कुणाकडून ऐकून म्हणतं.

पहिलं काम: एकच पेठ धरा

नवखे लोक इंटरनेटवरची ‘शहरातल्या दहा झपाटलेल्या जागा’ अशी यादी घेऊन निघतात. ती यादी बाजूला ठेवा. त्यातल्या निम्म्या जागांची गोष्ट एकच असते: पांढरी साडी, सुनसान रस्ता, गाडीला हात. घाट तेवढा बदलतो. जागेचा आणि गोष्टीचा काही संबंधच नसेल तर तिथे उभं राहून तुम्ही सांगणार काय?

चालत दोन तासांत होईल एवढाच भाग घ्या. दोन किलोमीटर खूप झाले. त्या भागातली नावं आधी गोळा करा, कारण पुण्यात अर्धा इतिहास पाट्यांवर आहे. मुंजाबाचा बोळ आहे. आजच्या गुरुवार पेठेचं जुनं नाव वेताळ पेठ. वेताळ हा भुतांचा राजा, आणि त्याच्या नावाची टेकडी तर सगळं पुणं रोज सकाळी चढतं, कुणाला काही वाटत नाही. सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधर आहे. नाव ऐकून बाहेरगावचा माणूस दचकतो. हे देऊळ सरदार गद्र्यांनी १७९७ मध्ये बांधलं आणि तिथे सशस्त्र चकमक होऊन माणसं मेली, म्हणून देवाला हे नाव पडलं. पुढे ८ फेब्रुवारी १८९९ ला, चापेकरांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याही याच परिसरात. त्यामुळे नाव त्या प्रसंगावरून पडलं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. नाव त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं आहे. मागून घडलेल्या घटनेने जुनं नाव पळवावं, हे भूतकथांच्या बाबतीत तर सारखं होतं.

दुसरं: ऐका, आणि भुताचं नाव काढू नका

‘इथे भूत आहे का हो?’ असं विचारलंत की दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘काहीतरीच काय!’ दुसरं, सिनेमात पाहिलेलं काहीतरी. दोन्ही निरुपयोगी. त्याऐवजी विचारा, ‘इथे पूर्वी काय होतं?’ ‘लहानपणी तुम्हाला कुठल्या बाजूला जाऊ देत नसत?’ ‘हा आड कधी बुजवला?’ पिंपळाच्या पारावरची मंडळी, किराणावाले, जुन्या इस्त्रीवाल्यांपैकी कुणी, देवळातले गुरव यांच्याकडे हे विचारलं की गोष्ट आपणहून चालत येते. घाई करू नका. पहिल्या भेटीत फक्त चहा.

गोष्ट आली की लगेच तीन प्रश्न: तुम्हाला कुणी सांगितलं? तेव्हा तुम्ही केवढे होता? त्यांनी स्वतः पाहिलं होतं की तेही ऐकूनच? तिसऱ्या प्रश्नाला जवळजवळ नेहमी एकच उत्तर येतं, ‘नाही, त्यांच्या आत्याने.’ ती आत्या कधीच भेटत नाही. हरकत नाही. तुम्हाला एका पिढीचा अंदाज मिळाला.

मोबाइलवर आवाज टिपायचा तर आधी विचारा. नको म्हणाले तर खिशात ठेवा आणि वही काढा. मी एक साधा नियम पाळतो: ऐकलेलं पेन्सिलीने, कागदावर सापडलेलं शाईने. पानभर नुसती पेन्सिल दिसली की समजायचं, अजून फेरीत घ्यायची वेळ आलेली नाही.

आणि लोकांनी वापरलेला शब्द जसाच्या तसा लिहा. सगळ्याचं ‘भूत’ करून टाकू नका. मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा म्हणजे मुंजा, त्याचं घर पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती अळवंतीण. नवरा जिवंत असताना गेलेली जखीण. पाण्यातला तो गिऱ्हा, वाट चुकवणारा तो चकवा. कोकणात आणि गोव्यात गेलात तर देवचार आणि राखणदार भेटतील, आणि त्यांना भूत म्हणालात तर गावकरी तुम्हाला वेशीवरूनच परत पाठवतील. ते राखण करतात, त्यांना मान असतो. शब्द नीट टिपला की कोण कसं मेलं याचा धागा हाती लागतो. अळवंतीण सांगणाऱ्या वाड्यात एखादी बाळंतीण गेली होती का, हे शोधता येतं. ‘बाईचं भूत’ यातून काहीच शोधता येत नाही.

एवढी नावं बायकांच्या मरणाला का, हा प्रश्न फेरीत कुणीतरी विचारतंच, बहुधा एखादी मुलगी. तिला घाईने उत्तर देऊ नका. इतरांना विचार करू द्या.

तिसरं: कागद

इथे बहुतेक जण गळतात. म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवात सोप्या जागेपासून करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्याचा अठरावा खंड १८८५ च्या सुमारास तीन भागांत निघाला. पेठा, देवळं, वाडे यांची वर्णनं त्यात आहेत, आणि भूतबाधेबद्दलच्या समजुतीही नोंदल्या आहेत. लिहिणारा साहेब आहे, त्याचा चष्मा लक्षात ठेवून वाचा. लोकसमजुतींच्या पुढच्या मोठ्या संग्रहाची गोष्टच वेगळी आहे. ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागवली होती. हे तेच नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी नाटकगृहात गोळ्या घातल्या. कागद मागे राहिले, ते पुढे एन्थोव्हेन यांनी छापून काढले. कोकणातल्या एखाद्या मास्तरांनी गावातली भुतं सरकारी पत्राला उत्तर म्हणून क्रमवार लिहून पाठवली असतील, हे चित्र मला फार आवडतं.

मग वर्तमानपत्रं. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून, ‘केसरी’ १८८१ पासून. जुने अंक कुठे पाहायला मिळतील ते ग्रंथपालांना विचारा. त्यांच्याशी मैत्री हा या कामातला सगळ्यात मोठा गुण आहे. साल माहीत नसताना फायली चाळायला बसू नका, महिना जाईल आणि डोळे जातील. प्लेगची वर्षं, म्हणजे १८९७ आणि पुढची काही, आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, या दोन ठिकाणांपासून सुरू करा. शहरातल्या कितीतरी ‘ओसाड’ जागा याच दोन संकटांनी ओसाड केल्या.

त्याहून मागे जायचं तर मोडी हवी. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर मोडीत आहे. त्यातले निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनी १९३० पासून पंचेचाळीस खंडांत छापले, तिथून सुरुवात केलीत तरी पुष्कळ झालं. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग भरतात. अक्षरं काही आठवड्यांत येतात. वाचन यायला वर्ष लागतं.

मोडी शिकलात की एक गंमत करून बघा. राघोबादादांच्या हुकमात ‘धरावे’ होतं आणि आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आता ‘धरावे’ आणि ‘मारावे’ हे दोन्ही शब्द मोडीत शेजारी शेजारी लिहा. आपण शाळेत फळ्यावर ही करामत देवनागरीत पाहिलेली असते, हुकूम मात्र मोडीतला. मग खाडाखोड किती करावी लागेल ते स्वतःच ठरवा. आनंदीबाईंनी ती केली याला भक्कम पुरावा नाही. तरीही मराठीत ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार होऊन बसला. बाईच्या माथी खून मारायला एवढं पुरलं.

तारखांचंही तसंच. जुन्या कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं दिसलं की घाबरू नका. हा शुहूर सन, आकडे अरबी: चार, सत्तर, शंभर आणि हजार. झाले ११७४. जून ते डिसेंबरमधला कागद असेल तर ५९९ मिळवा, १७७३ आलं. जानेवारीनंतरचा असेल तर ६००. तिथीसाठी जंत्री बघा. खुनाच्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती. काही लोक शनिवारवाड्यातली हाक अमावस्येला ऐकू येते म्हणतात, काही पौर्णिमेला. तिथीच्या हिशोबाने पौर्णिमावाले थोडे जवळ आहेत एवढंच.

चौथं: गोष्टीचं वय काढा

मरण कधीचं आणि भूत कधीचं, या दोन तारखा वेगळ्या असतात. त्यांच्यामधलं अंतर म्हणजेच तुमची फेरी.

शनिवारवाड्याचंच बघा. बांधकाम सुरू झालं १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आतल्या इमारती जळाल्या. ‘काका, मला वाचवा’ म्हणत नारायणराव ज्या दालनांतून धावले, ती दालनं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच गेली. उरली ती जोती, आणि भोवतीचा तट. लोक मात्र हाक ‘आतून’ येते असंच सांगतात. कुठल्या आतून? हे जोत्यांकडे बोट दाखवून विचारलं की गट गप्प होतो. एरवी मी किंचाळून दाखवलं असतं तरी झाला नसता.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. याच वाड्यात ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वरून कारंज्यावर पडून गेले. वय एकवीस. नारायणरावांचाच मुलगा, बापाच्या खुनानंतर जन्मलेला. पडले की उडी मारली यावर वाद आहे. तरुण पेशवा, अपघाती मरण, बापाचा शाप म्हणावा तर तोही जोडता येतो. पण त्यांचं भूत कुणी सांगत नाही. का?

माझा अंदाज असा. नारायणरावांच्या खुनाचा न्याय झाला आणि झालाही नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरून देहांत प्रायश्चित्त सांगितलं, पण ते कुणी द्यायचं? दादा पुढे दहा वर्षं जगले. आणि हाक मारली कुणाला, तर मारणाऱ्यांच्या मागे असलेल्या सख्ख्या चुलत्यालाच. हे लोकांच्या घशाखाली उतरलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लोकसमजुतींच्या टिपणांत तर दादांचा मुलगा दुसरा बाजीराव याला नारायणरावांच्या भुताने पछाडलं होतं असं येतं. म्हणजे ही गोष्ट आजच्या यूट्यूबवाल्यांची नाही, ती बरीच जुनी आहे. आणि जुन्या रूपात भूत वाड्याला चिकटलेलं नाही, खुन्याच्या मुलाला चिकटलंय. ते वाड्यात राहायला आलं ते नंतर, बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेला आणि पुण्यात पछाडायला कुणी उरलं नाही तेव्हा. हे शेवटचं वाक्य माझं, पेन्सिलीतलं.

पाचवं: ‘म्हणे’

इंग्रजीत भूतकथा सांगणाऱ्याला ‘असं लोक म्हणतात’ अशी शेपटी जोडावी लागते. आपल्याकडे एका शब्दात काम होतं. ‘वाड्यात हाक ऐकू येते’ आणि ‘वाड्यात हाक ऐकू येते म्हणे.’ दुसऱ्यात तुम्ही खोटं बोलत नाही आणि गोष्टही मरत नाही. आजीला हे व्याकरण पक्कं ठाऊक होतं.

संहिता लिहिताना प्रत्येक वाक्य तपासा. कागदावर असेल तर साल सांगून सरळ क्रियापद. ऐकीव असेल तर ‘म्हणे’ किंवा ‘सांगतात’. तुमचा तर्क असेल तर ‘मला वाटतं’. मागच्या बाजूच्या दरवाज्याला नारायण दरवाजा म्हणतात, कारण त्यांचं शव तिथून बाहेर काढलं, असं *सांगतात*. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवताना मारला गेला, हे मात्र सरळ सांगा. त्याचं भूत नाही, त्याची कुणी आठवणही काढत नाही.

आवाज चढवू नका. मोबाइलमधून किंकाळ्या वाजवू नका. मित्राला पांढरी चादर देऊन बोळात उभं करणाऱ्या एका उत्साही पोराला मी ओळखतो. गटातल्या आजींना धाप लागली आणि उरलेली फेरी दवाखान्यात संपली.

सहावं: वाट, वेळ, शेजार

अंधार पडायच्या तासभर आधी निघा. अंधार हळूहळू पडू द्यावा, तो फुकट मिळतो. बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नकोत. तुम्ही पुढे, एक सोबती शेवटी, कारण शिवाजी रस्ता ओलांडताना निम्मा गट मागे राहतो. आदल्या दिवशी त्याच वेळी सगळी वाट एकट्याने चालून बघा: कुठे खोदलंय, कुठे दिवा बंद, कुठे कुत्री. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी शोधा, भुताआधी लोक तेच विचारतात. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांत फेरी काढायची नाही, हे सांगायला नको.

शनिवारवाडा संध्याकाळी बंद होतो. ‘रात्री आत सोडत नाहीत, म्हणजे काहीतरी असणारच’ असं कुणी म्हणालं तर सांगा की पुरातत्त्व खात्याची बहुतेक स्मारकं अंधार पडला की बंद होतात. राजस्थानातल्या भानगढ किल्ल्याबाहेरच्या अशाच पाटीवरून हीच अफवा मोठी झाली. आत गट नेऊन सांगायचं असेल तर खात्याच्या कार्यालयात आधी विचारा. हद्दीतल्या पोलीस चौकीत साधं पत्र द्या. बहुतेकदा ते हसतात, पण नंबर देतात.

राहत्या घराकडे बोट दाखवायचं नाही. कितीही जुना वाडा असो, गोष्ट कितीही झकास असो. एकदा मी एका बोळात नुसता थांबलो, नावही घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मालक घरी आले. ‘वाटणीचं चाललंय, तुमच्यामुळे गिऱ्हाईक मागे सरलं.’ ते थांबणं मी त्याच दिवशी काढून टाकलं. तसंच अलीकडचे खून. १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाबद्दल दर चौथ्या फेरीत कुणीतरी विचारतं. मी सांगत नाही. त्या घरांतली माणसं आहेत अजून.

कायदा, आणि एक पूल

शनिवारवाड्याहून ओंकारेश्वराकडे पाच-सात मिनिटांची चाल आहे. पेशवाईतलं देऊळ, शेजारी चिमाजी आप्पांची समाधी, आणि नदीकाठी एके काळी स्मशान. भूतफेरीला यापेक्षा चांगली जागा कुठली? पण तिथेच विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी त्या पुलावर अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही. भुताला बोलावून दाखवतो, तुमच्या अंगातलं काढून देतो, अमक्याने करणी केली, असलं काही म्हणालात की तुम्ही त्या कायद्याच्या वाटेवर आहात. ‘भूत शोधायचं यंत्र’ घेऊन येणारे हौशी लोक भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. गटात कुणाच्या अंगात यायला लागलं किंवा कुणी थरथरायला लागलं तर सांगणं तिथेच थांबवा, त्यांना बसवा, पाणी द्या, घरच्यांना फोन करा. हसू नका आणि कुणाला अंगारा लावू देऊ नका.

पुलावर मी थांबतो. भूत सांगत नाही. तारीख सांगतो, मिनिटभर उभे राहतो आणि निघतो.

शेवटचं: चहा

पहिल्या तीन-चार फेऱ्यांचे पैसे घेऊ नका. ओळखीच्या चार खवचट लोकांना बोलवा, चुका ते काढतील. पुण्यात असे लोक शोधावे लागत नाहीत.

फेरी संपली की लगेच पांगू देऊ नका, एखाद्या टपरीवर पंधरा मिनिटं थांबा. चालताना गप्प असलेली माणसं तिथे बोलतात. ‘आमच्या आजोळी विहिरीजवळ एक मुंजा होता...’ असं कुणीतरी सुरू करेलच. तुमच्या पुढच्या फेरीचं बियाणं त्यात असू शकतं. कप खाली ठेवा, पेन्सिल काढा आणि आधी विचारा, आजोळ कुठलं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?